दैनिक रट्टा

आमच्या घरात एक वर्तमानपत्र निघत असे. नाव ‘दैनिक रट्टा’. म्हणायचं दैनिक, पण निघायचं आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी. नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘रोज खाल्लेले, शनिवारी छापलेले’. ते माझा दादा काढायचा. तो पंधरा वर्षांचा होता, मी अकराची. लिहायचं सगळं त्याने, आणि दोन कागदांच्या मध्ये कार्बन नीट बसवून कोपरे घट्ट धरून ठेवायचे मी. दोन प्रती निघत. एक आम्हा दोघांत, एक आईला.

रट्टे खाणारा मुख्यतः दादाच. देणारे बाबा.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. दक्षिण दिल्लीतल्या सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. ऑफिसात बाबांना सगळे सज्जन आणि मितभाषी समजत, आणि ते काही खोटं नव्हतं. ऑफिसात ते तसेच होते. संध्याकाळी सहा-दहाला जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की आई स्टोव्ह बारीक करायची, दादा पुस्तक उघडायचा आणि मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहायची. मारायला प्रत्येक वेळी कारण लागायचंच असं नाही, पण बहुतेकदा असायचं. चहा निवलेला असायचा. चपला वाटेत असायच्या. एकदा जेवताना दादा मला ‘छोड ना यार’ म्हणाला. आम्ही दिल्लीतच वाढलेली मुलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. तोंडातून गेलं. बाबा पानावरून उठले, त्यांनी दादाची मान धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

‘‘यार? माझ्या घरात यार?’’

प्रत्येक ‘यार’ला एकदा. मग हात धुऊन परत पानावर बसले आणि आईकडे आणखी आमटी मागितली. आईने वाढली. भिंतीवर तेलकट डागासारखा एक गोल उमटला होता, तो मी जेवण संपेपर्यंत बघत होते.

त्यांच्याकडे ऑफिसातला एक रूळ होता. रेघा मारायचा, लाकडी, काळा, गोल, हातभर लांब. मला आणि आईला ते हाताने मारत. रूळ दादासाठी होता.

‘रट्टा’चा पहिला अंक त्या रुळामुळेच निघाला. दादाला दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. तो पलंगावर पालथा पडून बाबांनी वाचून ठेवलेला पेपर वाचत होता. अचानक हसायला लागला. हसताना पाठ दुखत होती म्हणून कण्हतही होता. मग मला म्हणाला, ‘‘कागद आण.’’ बाबा ऑफिसातून एका बाजूने वापरलेले कागद आणायचे, आम्हाला गणितं करायला. त्यातला एक मी दिला. दादाने कोऱ्या बाजूवर लिहिलं :

‘काल सायंकाळी झालेल्या एकतर्फी सामन्यात बाबा संघाने दादा संघाचा सात रट्टे राखून पराभव केला. दादा संघाने नाणेफेक जिंकून मार स्वीकारला. पंच म्हणून काम पाहणाऱ्या आई मध्ये पडल्याने त्यांनाही एक थप्पड मिळाली. खेळपट्टी अद्याप सुजलेली आहे.’

मी इतकी हसले की मला उचकी लागली. तोपर्यंत मला कधी वाटलंच नव्हतं की आमच्या घरात जे होतं त्यावर हसता येतं. त्याबद्दल आम्ही बोलतसुद्धा नव्हतो. मार झाला की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात जायचा. आणि इथे ते खऱ्या पेपरच्या भाषेत लिहिलेलं होतं, जणू सगळ्या देशाने सकाळी चहाबरोबर वाचावं.

पुढे सदरं वाढली. हवामान : ‘मंत्रालयाच्या दिशेने सहा-दहाच्या सुमारास वादळाची शक्यता. मुलांनी पलंगाखाली आश्रय घ्यावा. काचेच्या भांड्यांना विशेष धोका.’ निधनवार्ता : ‘दोन कप, एक बशी. मागे एक कान तुटलेला कप असा परिवार.’ वक्तव्य : ‘घरात पूर्ण शांतता असल्याचे गृहमंत्र्यांनी दरवाजा लावून घेऊन सांगितले.’

आई आधी रागावली. बापाची अशी थट्टा करायची नाही म्हणाली. पण शनिवारची तिची प्रत ती ओटा आवरून झाल्यावर, पदर तोंडाशी धरून वाचायची, आणि तिचे खांदे हलायचे. महिनाभराने तिनेच दादाला एक पाककृती सांगितली. ‘निवलेल्या चहापासून करावयाचा गालगुच्चा. साहित्य : एक कप चहा, एक बायको.’ दादाने ती पहिल्या पानावर घेतली. एकाच गोष्टीला तिची बंदी होती. तिला जेव्हा फार लागायचं, ते लिहायचं नाही. त्या आठवड्यात दादा तेवढी चौकट रिकामी सोडायचा. अशा बऱ्याच चौकटी निघाल्या.

मार खाताना दादात पडलेला फरक मला दिसायचा. पूर्वी तो डोळे मिटून घ्यायचा. आता उघडे ठेवायचा. बाबा काय म्हणतात, रूळ कुठल्या हातात आहे, आई कुठे उभी आहे, सगळं बघायचा. बाबांना ते समजत नव्हतं, पण काहीतरी बदललंय एवढं जाणवत असणार, कारण ते जास्त जोरात मारायला लागले.

हे आणीबाणीच्या दिवसांतलं. दिल्लीत सगळे हळू बोलत. बसमध्ये कोणी बोलत नसे. ऑफिसात लोक वेळेवर जात आणि घरी येऊन दारं लावून घेत. काही विनोदी साप्ताहिकं बंद पडल्याचं बाबाच सांगायचे, आणि ‘बरं झालं’ म्हणायचे. दादाच्या डोक्यात हे सगळं जात होतं. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने एक खास अंक काढला. त्यात घराचा पाचकलमी कार्यक्रम होता : बोलू नये, विचारू नये, दिसू नये, रडू नये, आणि हे सर्व आनंदाने करावे. खाली बातमी : ‘घरातील सर्व जण सुखी आहेत. जे नाहीत त्यांची नोंद घेतली जात आहे.’ वर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सरकारी वर्तमानपत्र’. त्याला घरचं सरकार म्हणायचं होतं. पण वाचणाऱ्याला ते कसं कळावं?

तो अंक मी घराबाहेर नेला.

कोणी सांगितलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. समोरच्या ब्लॉकमध्ये माझी एक मैत्रीण होती, मराठीच. तिच्याकडे बाहुलीचं घर होतं, चिनी मातीचा टी-सेट होता, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी फ्रॉकच्या खिशात घालून ‘रट्टा’ नेला. ती खूप हसली. ‘‘राहू दे ना माझ्याकडे एक दिवस,’’ म्हणाली. मी राहू दिला. मला फार अभिमान वाटत होता.

तिचे वडील बाबांच्याच मंत्रालयात होते. कागदाच्या मागच्या बाजूला बाबांच्या सेक्शनचं एक जुनं परिपत्रक टाइप केलेलं होतं, खाली बाबांची सही होती.

त्यांनी कागद कोणालाही दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबांना बाजूला घेतलं, फायलीत घालून कागद दिला आणि म्हणाले, ‘‘मुलांना सांभाळा. माझ्या हातात पडलं म्हणून ठीक.’’ हे मला खूप वर्षांनी आईकडून समजलं. भला माणूस होता तो.

बाबा दुपारी एकला घरी आले. दुपारी ते कधीच येत नसत. बाहेर लूची गरम हवा चालली होती, आम्ही खिडक्यांवर ओल्या चादरी टाकून पडलो होतो. बाबांचा शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दाराला आतून कडी घातली. हातात घडी घातलेला कागद होता. तो मी ओळखला.

‘‘हे कोणी लिहिलं?’’

‘‘मी,’’ दादा म्हणाला.

‘‘बाहेर कोणी नेलं?’’

दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण मी नेलंय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, त्याच्या मित्राने. पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत त्याचा एक जिवलग मित्र होता, करोल बागेत राहायचा. त्याला दादा अंक वाचून दाखवायचा, आणि हा खास अंक ऐकायला तो सुट्टीत घरी येऊन गेला होता.

‘‘मीच नेला,’’ दादा म्हणाला. मित्राचं नाव त्याने घेतलं नाही.

मी भिंतीला चिकटून उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

बाबांनी रूळ घेतला. त्या दिवशीच्यासारखं मारताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. रोज मारताना त्यांच्यात एक शिस्त असायची, फटका मोजून द्यायचे. त्या दिवशी ते घाबरलेले होते. मारता मारता बोलत होते, रडल्यासारख्या आवाजात. ‘‘नोकरी जाईल, नोकरी. उचलून नेतील मला. सही आहे माझी. तुला कळतंय का? सही!’’ दादाने डोकं वाचवायला हात वर धरला आणि रूळ मनगटाच्या वर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दादा ओरडला नाही, त्याच्या तोंडातून फक्त हवा बाहेर आली. तो खाली बसला. बाबांनी रूळ टाकला आणि मोकळ्या तळव्याने त्याच्या डाव्या कानावर मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा कानातून रक्ताची बारीक धार निघून मानेवरून गंजीत गेली.

आई मध्ये आली. ‘‘त्यात मीही लिहिलंय,’’ म्हणाली. ‘‘पाककृती माझी आहे. मला मारा.’’

बाबांनी तिला ढकललं. ती ओट्यावर आपटली. उठली तेव्हा तिच्या हातात पोळपाट होता, दगडी, तिच्या माहेरचा. तिने तो दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या तोंडावर घातला.

बाबांची भुवई फाटली. ते मागे सरकत सरकत खुर्चीत बसले, डोळ्यात रक्त येत होतं म्हणून एक डोळा मिटून. मग त्यांनी उरलेल्या ताकदीने सगळे अंक शोधले, दादाच्या दप्तरातून, गादीखालून, आणि स्टोव्हवर धरून एकेक जाळले. जळका कागद खोलीभर उडत होता. कोणी कोणाला अडवलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी दार वाजवत होत्या. ‘‘बहनजी, दरवाज़ा खोलो!’’ आईने कडी काढली. आंटींनी एका नजरेत सगळं पाहिलं, काही विचारलं नाही, आपल्या दिराला हाक मारली. त्याच्या स्कूटरवर दादा मध्ये आणि आई मागे, असे ते सरकारी दवाखान्यात गेले. मी बाबांबरोबर घरात राहिले. ते खुर्चीत, मी मोरीच्या दाराशी. संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच होतो. मध्येच त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

दवाखान्यातलं आईने नंतर सांगितलं. डॉक्टरने हात बघितला, कान बघितला, पाठ बघितली आणि विचारलं, ‘‘किसने मारा? लिख दूँ? पुलिस केस बनेगा.’’ आई म्हणाली, क्षणभर तिच्या जिभेवर खरं आलं होतं. पण पोलीस घरी आले असते, कारण विचारलं असतं, आणि कारण तो कागद होता. आणीबाणीत तो कागद पोलिसांना कोण समजावून सांगणार?

‘‘सीढ़ी से गिरा है,’’ आई म्हणाली.

डॉक्टरने तसंच लिहिलं. दादाचा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भुवईला पट्टी लावून ऑफिसला निघाले, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. मी तिथेच होते.

‘‘अहो, ऐका,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे अंक जळले नाहीत. एक माझ्याकडे आहे. घरात नाही, शोधू नका. मागे तुमची सही असलेला आहे. यापुढे या घरात कोणाच्याही अंगाला हात लावलात, तर मी तो घेऊन तुमच्या साहेबांकडे जाईन.’’

‘‘वेड लागलंय तुला. आपण सगळे रस्त्यावर येऊ.’’

‘‘येऊ.’’

बाबांनी भुवईवरची पट्टी चाचपली. मग त्यांनी रुमाल खिशात घातला आणि ते गेले.

आणि मार थांबला. जवळजवळ दहा महिने. बाबा सुधारले नव्हते. जेवताना त्यांचा हात उठू बघायचा, आणि ते तो मांडीखाली दाबून ठेवायचे. तो कागद खरंच होता का, हे मी आईला तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारलं. होता. आंटींच्या तांदळाच्या डब्यात.

‘रट्टा’ मात्र परत निघाला नाही. मी एकदा कार्बन आणि कागद घेऊन दादाजवळ गेले. प्लास्टर निघालं होतं. मनगट जरा तिरपं जुळलं होतं. तो म्हणाला, ‘‘ने ते.’’

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने आपल्या मित्राला मारलं. शाळा सुटल्यावर, बसस्टॉपच्या मागे, हॉटेलांच्या ओळीतल्या एका बोळात. मी पाठोपाठ गेले होते. मित्र हसत हसत आला होता, इतक्या दिवसांनी भेटतोय म्हणून. दादाने काही न बोलता त्याच्या पोटात बुक्की मारली. तो वाकला तसा गुडघा तोंडावर. तो पडल्यावर लाथा. ‘‘कोणाला दिलास? बोल, कोणाला दिलास?’’ मित्राला तो काय विचारतोय हेच कळत नव्हतं. ‘‘काय दिलं? अरे, काय दिलं?’’ म्हणत तो गटाराच्या कडेला दोन्ही हातांनी डोकं धरून पडला होता. दादा नेमका कानावर मारत होता. शेवटी एका हमालाने दादाला मागून उचललं.

मी दहा पावलांवर होते. पाठीवर दप्तर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटलं, ते वाक्य बोलले तर त्या लाथा मला बसतील. घरी येताना बसमध्ये दादाच्या बोटांची सालं निघालेली होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते, तरीही काही बोलले नाही. मित्र त्या वर्षी शाळा सोडून गेला. त्याच्या वडिलांची पुण्याला बदली झाली.

पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या, निकाल लागले, आणीबाणी उठली. वसाहतीत लोक रस्त्यावर नाचले, फटाके फुटले, आंटींनी घरोघर लाडू वाटले. आम्ही तिघं लाडू हातात घेऊन घरात बसून होतो. आई एवढंच म्हणाली, ‘‘आता त्या कागदाला कोण विचारतंय.’’

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात विचित्र वाटतात. बाजारात थट्टेच्या पत्रकांचा पूर आला. जे बोलता येत नव्हतं त्यावर सगळे हसत सुटले. आणि सगळ्यात मोठ्याने हसायला लागले ते बाबा. ऑफिसातून येताना ते एक-दोन विनोदी साप्ताहिकं घेऊन यायचे. थंडीत रविवारी वसाहतीच्या लॉनवर उन्हात शेंगा खात ते शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे. ‘‘ये सुनिए, ये सुनिए!’’ त्यांना आवाज चांगला होता, नक्कल जमायची. लोक पोट धरून हसत. बाबा किती मजेशीर आहेत, असं मला शाळेतल्या मुली सांगायच्या. एकदा तर ते एका शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘अजी, हमारे घर में तो इमर्जेंसी में भी अख़बार निकलता था.’’ आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला शर्ट खाली पडला.

घरात मात्र थपडा परत सुरू झाल्या होत्या. आईला, मला. दादाला अजून नाही. दादा आता बाबांइतका उंच होता.

त्यानंतरच्या होळीला सकाळी बाबा हिंदी पेपर घेऊन टेबलाशी बसले. होळीच्या दिवशी उत्तरेकडचे पेपर एक पान थापा आणि टवाळीचं काढतात, पुढाऱ्यांना टोपणनावं देतात, खोट्या बातम्या छापतात. बाबा मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक बातमीनंतर आमच्याकडे बघत होते. मी हसले. आई हसली. दादा त्यांच्या उजव्या हाताला, डावा कान त्यांच्याकडे करून बसला होता आणि खाली बघून खात होता. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

‘‘तुला हसू येत नाही का रे?’’ बाबा म्हणाले.

दादाने मान वर केली नाही. तेही ऐकू आलं नव्हतं.

‘‘माजलाय,’’ बाबा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली.

दादा सावकाश उठला. त्याने बाबांची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून वर ओढलं आणि तिरप्या मनगटाच्या त्या हाताने तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. बाबा टेबलावर कोसळले, पोह्यांची थाळी त्यांच्यासकट खाली आली. दादा त्यांच्या छातीवर बसला. ‘‘हसा,’’ तो म्हणाला. ‘‘हसा ना. मी सांगतोय, हसा.’’ आणि मारत राहिला. बाबांचे पुढचे दोन दात त्यांच्या हनुवटीवर आले. मी दादाचे केस धरून ओढले, त्याच्या खांद्याला चावले. आई त्याच्या कमरेला मिठी मारून ओरडत होती, पण ती नेमकी त्याच्या डाव्या बाजूला होती. बाबांचे हात जमिनीवर पसरले होते. त्यांनी एकदाही अडवलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं आणि अजून समजलेलं नाही.

दादा आपणहून थांबला. मोरीत जाऊन ओकला.

तेवढ्यात दार वाजलं. खालचे, समोरचे, सगळे शेजारी गुलाल घेऊन जिन्यात उभे. ‘‘निकलिए भाईसाहब!’’ बाबा टॉवेलने तोंड पुसत उठले आणि आम्ही कोणी काही करायच्या आत त्यांनी दार उघडलं. त्यांचा सदरा पुढून लाल झाला होता. शेजाऱ्यांना वाटलं, कोणीतरी आधीच रंगवून गेलंय. त्यांनी बाबांच्या सुजलेल्या गालांवर दोन्ही हातांनी गुलाल चोळला. बाबा ओठ मिटून उभे राहिले. फक्त आंटी मागे उभ्या होत्या, त्यांनी रंग लावला नाही.

परीक्षा संपताच दादा फरीदाबादला एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. बाबांनी पुढे कोणावर हात उचलला नाही. दात बसवून घेतले. साप्ताहिकं वाचायचे, पण मनात.

पावसाळा संपता संपता आई आणि मी बसने दादाकडे गेलो. आई घरमालकिणीशी बोलत अंगणात बसली होती, तेव्हा खोलीत मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं. तो अंक मीच नेला होता. मैत्रिणीला दाखवायला.

तो पत्र्याच्या डब्यात आईने आणलेल्या चकल्या भरत होता. हात थांबला.

‘‘त्या बोळात तू होतीस,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘तेव्हा माहीत होतं तुला.’’

‘‘हो.’’

मला वाटलं तो मारेल. मी तयारच होते, खरं तर तेवढ्यासाठीच गेले होते. तो उठला तशी मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो दारात चपला घालत होता. ‘‘चला,’’ त्याने आईला हाक मारली, ‘‘बस चुकेल.’’ स्टॉपवर त्याने आम्हाला बसवून दिलं, आईचा निरोप घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

भाऊबीजेला तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. बाबा बाहेरच्या खोलीत होते, तो सरळ आत स्वयंपाकघरात आला. मी ओवाळलं. ताटात त्याने काही टाकलं नाही, नुसता पाटावर बसून राहिला.

‘‘त्याला पत्र लिहिलंय पुण्याला,’’ तो म्हणाला. ‘‘शाळेतून पत्ता मिळाला. तुझं नाव नाही घातलं.’’

‘‘का?’’

‘‘तुझं तू घाल.’’

मी त्याच आठवड्यात लिहिलं. चार पानं झाली होती, ती फाडून अर्धं पान लिहिलं. अंक मी नेला, तू मार खाल्लास तेव्हा मी तिथे उभी होते, एवढंच. पत्ता दादाकडून घेतला, तिकीट लावलं, वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

महिन्याभराने दादाला उत्तर आलं. त्याने ते मला वाचायला दिलं नाही, पण त्यानंतर दोघांची पत्रं सुरू झाली, आणि काही वर्षांनी मित्राच्या लग्नाला दादा पुण्याला जाऊन आला. मला उत्तर आलं नाही. मी दोन वर्षं वाट पाहिली, मग थांबले.